दाजींच्या टेक्सासात कोणी मरत नाही

अमेरिकेत एकदाही पाऊल न ठेवता त्या देशाचं जेवढं वाटोळं माझ्या साडूंनी केलं, तेवढं तिथल्या कुठल्याही दरोडेखोराला जमलं नसेल. लातूरच्या पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता त्यांनी नव्याण्णव काउबॉय कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या माझ्या डोळ्यांखालून गेल्या, कारण नांदेडच्या ज्या छापखान्यात त्या छापल्या जात तिथे मी मुद्रितशोधक होतो. हा योगायोग नव्हे. माझी सोयरीक ठरवायला आलेल्या या गृहस्थांनी मुलगा काय करतो एवढं विचारलं, 'प्रुफं तपासतो' हे उत्तर ऐकलं, आणि शेती किती, घर कोणाच्या नावावर वगैरे काहीही न विचारता मेव्हणी देऊन टाकली. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला साडभाऊ म्हणतात, आणि या हाकेपाठोपाठ नेहमी हस्तलिखिताचं एखादं बाड येतं, असा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

ही पुस्तकं ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगायला हवं. तळहाताएवढा आकार, शहाण्णव पानं, कव्हरवर घोडा, टोपी आणि धूर. बसस्टँडवर विकायला असत आणि गल्लीतल्या वाचनालयात भाड्याने मिळत. एक अनोळखी घोडेस्वार गावात येतो, गावावर अन्याय चाललेला असतो, तो निवारून घोडेस्वार मावळतीकडे निघून जातो, एवढंच कथानक. दाजींनी ते नव्याण्णव वेळा लिहिलं. गाव मात्र प्रत्येक वेळी लातूरच असे. शिरलं की डाव्या हाताला कडब्याचा बाजार, उजव्या हाताला फौजदाराची कचेरी, मध्ये गोल चौक, आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी. नायक दिवसभर गोळ्या झाडून दमला की झाडाखाली बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाई. मी प्रुफाच्या समासात 'अमेरिकेत ज्वारी?' असं लिहून पाठवलं, तर दाजी रजा टाकून नांदेडला आले.

"तुम्ही जाऊन आलाव तिकडं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही. पण दाजी, तिकडे मका असतो, गहू असतो."

"मग ज्वारी न पिकायला काय झालंय? जमीन मोकळी हाय, माणसं रिकामी हायत, दिवसभर नुसती घोड्यावर हिंडून राहिलीत. पेरली असंल कुणीतरी."

ज्वारी तशीच छापली गेली. दाजींशी वाद घालून आजवर कोणी काही मिळवलेलं नाही. त्यांचा आवाज चढत नाही, ते रागावत नाहीत, तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतात, चहा पाजतात आणि मग जे करायचं तेच करतात. अशा माणसावर चिडायचीही पंचाईत असते. मी मात्र ती पंचाईत कधी मानली नाही, मनसोक्त चिडत आलो.

घोड्यांवर नव्याण्णव पुस्तकं लिहिणारा हा माणूस घोड्यावर कधी बसला नाही. त्यांचा घोड्याशी पहिला जवळचा संबंध आला तो अहमदपूरला, आमच्याच नात्यातल्या एका लग्नात. वरात चालली होती, नवरदेव घोड्यावर होता, आणि दाजींनी घोडेवाल्या चाचांना गाठलं. घोडं किती पळतं, उतारावर कसं वागतं, बंदुकीचा आवाज झाला तर बुजतं का. चाचा प्रामाणिक माणूस, प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होते, आणि चाचा थांबले की घोडा थांबत होता. दोन फर्लांगाच्या वरातीला दीड तास लागला. मुलीकडच्यांनी मुहूर्तावरून आरडाओरडा सुरू केला. शेवटी चाचाच म्हणाले, "सायेब, एक बात साफ बोलो. तुमको घोडा खरीदना है क्या?"

"न्हाई हो चाचा. पळवायचाय. कादंबरीत."

पुढच्या शनिवारी चाचा लातूरला दाजींच्या घरी हजर. हातात अलीकडची कादंबरी, आणि तोंडात तक्रारी. "सायेब, तुम्हारा हीरो तीन दिन से घोडे पे बैठा है. उतर्‍या नै, उसको पानी पिलाया नै. मर जाता ना वो जनावर." त्या दिवसापासून चाचा मंडळाचे घोडा सल्लागार झाले, आणि त्यांनी तपासल्याशिवाय एकही घोडा माझ्यापर्यंत आला नाही.

मंडळ म्हणजे 'पश्चिम मंडळ'. दाजींच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी दुपारी भरे. काउबॉय कादंबऱ्या लिहिणारे, लिहू पाहणारे, वाचणारे, आणि काहीच न करता नुसते आलेले, सगळ्यांना तिथे सारखीच जागा. मराठवाड्यात पश्चिम म्हटलं की लोकांना पुणं-सातारा आणि आपल्यावरचा अन्याय आठवतो, त्यामुळे दारावरची पाटी वाचून दोघं-तिघं भांडायलाच आत आले होते. ते सदस्य होऊन बाहेर पडले. कोणालाही परत पाठवायचं नाही, पहिल्या लिखाणाला नावं ठेवायची नाहीत, आणि चहा झाल्याशिवाय टीका करायची नाही, ही तिथली रीत. पुढे लातूरला क्लासेसची लाट आली, गल्लोगल्ली मुलांची वसतिगृहं झाली, आणि गाद्या-ट्रंका घेऊन आईबाप पत्ते विचारत हिंडू लागले. दाजी ओट्यावर बसलेलेच असत. लोह्याचे एक गृहस्थ मुलीसाठी मेस शोधत आले, त्यांनी फक्त रस्ता विचारला.

"सांगतो की. या, बसा. काय लिहिता?"

"मी? मी काही लिहीत नाही. मी शिक्षक आहे."

"मग लिहाल."

तीन तासांनी ते गृहस्थ उठले तेव्हा मुलीला मेस मिळाली होती आणि त्यांच्या खिशात पहिल्या प्रकरणाची चार पानं होती. ती तपासायला माझ्याकडे आली, हे सांगायला नकोच. एका महाभागाने दाजींची अख्खी कादंबरी उतरवून स्वतःच्या नावावर दुसरीकडे छापली. मी पुरावा घेऊन लातूरला गेलो, तर तो माणूस खोलीत बसून पोहे खात होता. "हातानं लिवून काढलाय त्यानं, साडभाऊ," दाजी मला समजावत होते, "आपलं पुस्तक इतकं ध्यान देऊन कुणी वाचलंय?"

याहून मोठा अपराध त्यांनी माझ्या घरावर केला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'वाचकांनो, कधीही या, आपलंच घर आहे' अशी ओळ असे, आणि खाली पत्ता माझा. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, "माझं सरकारी क्वार्टर, आज हाय उद्या न्हाई. तुमचं घर पक्कं." गुरुद्वाऱ्याला आलेली माणसं, परीक्षेला आलेली माणसं, देगलूरहून बाजाराला आलेली माणसं, पुस्तक हातात धरून माझी कडी वाजवत. एक जण चार दिवस राहिला, माझ्या टेबलावर बसून दोन प्रकरणं लिहिली, आणि जाताना माझ्या बायकोला म्हणाला की पहिल्या दिवशीचा चहा जास्त चांगला होता.

मंडळात एक सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यात परिचारिका. अक्काला, म्हणजे दाजींच्या बायकोला, इंजेक्शन द्यायला घरी आल्या आणि टेबलावरचं बाड उभ्याउभ्या चाळून म्हणाल्या, "खांद्यात गोळी शिरलेला माणूस दुसऱ्या पानावर झाडावर चढून राहिलाय. ह्याला काय अर्थ हाय?" दाजींनी त्यांना तिथेच खुर्ची दिली. पुढे सिस्टर स्वतः लिहायला लागल्या. त्यांच्या कादंबरीतली बाई फौजदार आधी दरोडेखोराची मलमपट्टी करी आणि मग बेड्या घाली. त्या फोन उचलल्यावर 'जयभीम' म्हणत आणि पुढच्याच वाक्यात जखम कितव्या पानावर आहे ते विचारत. त्या सगळ्या गोतावळ्यात वेळच्या वेळी हस्तलिखित देणाऱ्या तेवढ्या एकट्याच.

सुरुवातीच्या कादंबऱ्यांत माणसं बेसुमार मरत. छपरावरून कोसळत, खिडकीतून कोसळत, हौदात पडत. कोण मेला याचा हिशेब दाजींनाही नसे. पाचव्या प्रकरणात मेलेला माणूस आठव्यात पत्ते खेळताना मी अनेकदा पकडला आहे.

मग भूकंप झाला. सरकारने कारकुनांना नावं लिहिण्याच्या कामावर पाठवलं, आणि दाजी दीड महिना त्या गावांत होते. एका वहीत गेलेल्यांची नावं: माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, मागं कोण. परत आले तेव्हा त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या वर्षी लातुरात एकमेकांना फार विचारण्याची रीत राहिली नव्हती. सहा महिने बाड आलं नाही. मला आधी बरं वाटलं, आणि मग ते बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

सहा महिन्यांनी आलं ते वेगळंच. बाराव्या पानावर एक दरोडेखोर छपरावरून पडणार, इतक्यात गोष्ट थांबते आणि दोन पानं अशी: नाव जो, बापाचं नाव सॅम, वय एकोणतीस, गाव रेड क्रीक, तालुका एल पासो, मागं आई आणि दोन बहिणी, त्यातली धाकटी लग्नाची. आणि मागं इतकी माणसं आहेत म्हटल्यावर गोळी त्याच्या टोपीला चाटून जाते. पुढच्या पानावर दुसरा दरोडेखोर, त्याचा बाप, त्याचं गाव, त्याची टोपी. शहाण्णव पानांत अकरा टोप्या उडाल्या, माणूस एकही पडला नाही. मी संतापून पत्र लिहिलं. दाजी परत एकदा रजा टाकून आले.

"मंडळात ठरलंय, साडभाऊ. माणूस मारायचा असंल तर आधी पाची गोष्टी मंडळाला सांगायच्या. मंडळ हाव म्हणलं तर मारायचा."

"दाजी, तो दरोडेखोर आहे. त्याला अर्धी ओळ आहे!"

"म्हणूनच की. अर्ध्या ओळीत माणूस घालवायचा न्हाई."

या नियमाने मंडळाचं काय झालं ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. उदगीरच्या एका सदस्याने आपल्या कादंबरीत गावभर पटकीची साथ आणली होती. तो मोठी वही घेऊन पाच-पाच गोष्टी लिहायला बसला, तिसाव्या माणसापर्यंत गेला, आणि पटकी बरी करून टाकली. चाचांनी नियम घोड्यांनाही लावून घेतला, "घोडे का बी बाप रैता सायेब." दरोडेखोरांना मरता येईना म्हणून ते म्हातारे होऊ लागले. कोणी किराणा दुकान टाकलं, कोणी सोयरिकी जुळवू लागला, आणि नव्वदाव्या पुस्तकातला खलनायक तर बिनविरोध सरपंच झाला. छापखान्याचे मालक माझ्यावर ओरडत, मी दाजींवर ओरडे, आणि दाजी मला चहा पाजत.

वाचनालयं त्यानंतर हळूहळू बंद झाली. मुलांना गोष्टी वाचायला वेळ उरला नाही. आमच्या गल्लीतलं वाचनालय जिथे होतं तिथे आता झेरॉक्सची तीन यंत्रं आहेत. छापखान्यात रात्रंदिवस भौतिकशास्त्राच्या नोट्स निघू लागल्या. नव्याण्णवावर दाजींची गाडी अडकली. तेव्हा सिस्टरांनी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर हात बसवून घेतला होता, त्यांनी मंडळाचा ब्लॉग काढला आणि जुन्या पुस्तकांची कव्हरं त्यावर टाकली. मला वाटलं, दोन माणसं पाहतील. पण कुठूनकुठून माणसं उगवली. मुदखेडच्या रेल्वेतल्या एकाने लिहिलं की गाडी लेट असली की तो देवाचे आभार मानायचा, प्रकरण पुरं व्हायचं. आखातात गेलेल्या एकाने भूगोलाच्या पुस्तकात लपवलेल्या कादंबरीबद्दल लिहिलं, शिवाय बापाने कशाने मारलं तेही. काहींनी दाजींनी न लिहिलेल्या कादंबऱ्यांची कथानकं तपशीलवार आठवून सांगितली. मी खुलासा करणार होतो, पण दाजी म्हणाले, "असू द्या. लिवायची ऱ्हायली असंल माझी." प्रत्येकाला उत्तर दाजी तोंडी सांगत आणि सिस्टर टंकत: 'आलाव, बरं केलाव. गाव कुठलं? सध्या कुणाकडं असता? घरी कोण कोण हाय?' कुठल्याही माणसाने 'छान' एवढं जरी लिहिलं तरी त्याच्या घरच्यांची नावं काढून घेतल्याशिवाय दाजी त्याला सोडत नसत.

अशात दाजींचे डोळे जाऊ लागले. साखरेने एक पूर्ण गेला, आणि दुसऱ्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सहा-आठ महिने दिसेल, पुढचं सांगता येत नाही. दाजींनी ते शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाले, "शंभरावं डोळ्यानं बघायचंय, साडभाऊ." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, बाकीच्या न मागता घेतल्या होत्या. मी मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "छापतो. नोट्सच्या मधे बसवतो. पण यावेळी टोप्या नकोत. भर चौकात गोळीबार पाहिजे आणि एक तरी मुडदा पाहिजे."

एक मुडदा. नव्याण्णव पुस्तकांच्या लेखकाला ते अवघड वाटू नये. दाजींनी मनापासून प्रयत्न केला. मी दर शनिवारी लोहा, अहमदपूर करत लातूरला जायचो आणि पाहायचो, की या आठवड्यात मरायला काढलेला माणूस पुन्हा वाचला आहे. सावकार काढला, त्याला मुकी मुलगी निघाली. घोडेचोर काढला, त्याच्या म्हाताऱ्या बापाने मंडळालाच रडवलं. चार महिने गेले. दाजी कागद नाकाला लावून लिहू लागले, ओळी एकमेकींवर चढू लागल्या. एका शनिवारी मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"दाजी, एक माणूस मारा हो! कागदावरचा तर आहे!"

दाजींनी चष्मा काढला. "मी लिवलो ती बी कागदावरचीच हुती की," ते म्हणाले.

मला त्या क्षणी बस पकडून पळून जावंसं वाटलं. अक्काने चहा आणला, तो मी प्यालो, आणि माझ्याकडे कोणी पाहिलं नाही ही त्या मंडळींची माया.

पुढच्या शनिवारी त्यांनी माणूस आणला. सिस्टरांनी हस्तलिखित वाचून दाखवलं. गावात एक म्हातारा येतो, चौकातल्या भिंतीला टेकून बसतो. गोळीबार सुरू होतो. एक चुकलेली गोळी त्याला लागते आणि तो तसाच टेकलेला राहतो. मग नियमाप्रमाणे सिस्टरांनी पेन उघडलं.

"नाव?"

"ठाव न्हाई," दाजी म्हणाले.

"बापाचं?"

"ठाव न्हाई. गाव बी ठाव न्हाई. वय साठीचं असंल."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "दाजी, मग कसं चालंल? नियम तुमचाच हाय."

तेव्हा दाजी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यानंतर पुन्हा कधी नाही. "एक हुता तसा. कुणी वळखना. पाव्हणा आला असंल कुणाकडं. ज्येंच्याकडं आला ते बी ऱ्हायले न्हाईत, मग सांगनार कोण? मी 'अनोळखी पुरुष' लिवलो आन् फुडच्या ओळीवर गेलो. माझ्याम्होरं रांग हुती. अजून दोन गावात जाऊन इचारलो असतो तर लागला असता पत्ता. गेलो न्हाई मी."

दारात येईल त्याला हा माणूस गाव विचारत, कोणाकडे आलात विचारत, घरचे विचारत वर्षानुवर्षं आमचा जीव का खात होता, ते मला त्या दिवशी कळलं. मला फार लाज वाटली. इतका जवळचा माणूस, आणि मी त्याची फक्त प्रुफं वाचली होती.

"पाचवं ऱ्हायलं," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मागं कोण?"

दाजींनी मान हलवली.

चाचा भिंतीला टेकून बसले होते. ते सरळ झाले. "मेरा नाम लिखो सिस्टर. भाई लिखो."

सिस्टरांनी लिहिलं. मग त्याच्या खाली स्वतःचं नाव घातलं आणि म्हणाल्या, "मी भाची." लोह्याच्या शिक्षकांनी चुलतभाऊ सांगितलं. आणि मी, ज्याने इतक्या वर्षांत या मंडळाच्या वहीत सही करायचं टाळलं होतं, कोणीही विचारलेलं नसताना बोलून गेलो, "माझं साडू लिहा."

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाली, "पाव्हणं, तुमचा साडू म्हंजे मी बी त्याची मेव्हणीच लागते की. माझं का सोडलाव?"

मंडळाने हाव म्हटलं. म्हातारा मेला.

सिस्टरांनी हे सगळं ब्लॉगवर लिहिलं, तिथेच घोळ झाला. मुदखेडहून उत्तर आलं, 'मामेभाऊ लिहा.' आखातातून आलं, 'आम्ही शेजारी.' उदगीरच्या पटकीवाल्याने घरातल्या सहाही जणांची नावं नात्यासकट पाठवली. कादंबरी उतरवून काढणाऱ्या महाभागाने 'धाकटा भाऊ' लिहिलं. एका बाईने नाव नाही, गाव नाही, नुसतं 'लेक' एवढंच लिहिलं, आणि दाजींनी तिला गाव विचारलं नाही.

मी सगळी जुळवणी केली तेव्हा कादंबरीला यादी जोडून पानं झाली एकशे एक. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या सहा फर्म्यांचं, शहाण्णवच्या पुढे एक पान चालत नाही. मालकांनी हिशोब केला आणि सांगितलं, "यादी काढा. पाच पानं वाचतात." मी हो म्हणालो. आणि घरी येऊन, त्याच संध्याकाळी, गोळीबार काढला. तो बरोबर पाच पानांचा होता. चाचांनी तपासलेले तीन घोडे, हौदामागचा नेमबाज, फुटलेला कंदील, सगळं काढलं आणि तिथे एक वाक्य ठेवलं: 'त्या दुपारी चौकात गोळ्या चालल्या.' लेखकाला न विचारता मजकूर कापणं हे माझ्या धंद्यातलं महापाप. मी ते चांगलं जाणूनबुजून केलं. मालकांनी छापून झाल्यावर पाहिलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पहिली प्रत घेऊन मी लातूरला गेलो. दाजी ओट्यावर होते. त्यांनी पुस्तक उजव्या डोळ्याजवळ धरलं, कव्हर पाहिलं, आणि सरळ शेवटची पानं उघडली. एकेका नावावर बोट ठेवत ते वाचत गेले. भाऊ, भाची, साडू, मेव्हणी. बराच वेळ लागला. मग आधीची पानं उलटीसुलटी चाळली.

"गोळीबार दिसंना, साडभाऊ."

"बसला नाही, दाजी."

त्यांनी पुस्तक मिटलं. "बरं झालं," म्हणाले, "लई आवाज झाला असता."

आता त्यांना दिसत नाही. ते लिहीतही नाहीत. लातूरची ती गल्ली वसतिगृहांनी पार झाकून गेली आहे, चाचांना गुडघ्यांमुळे ओट्याच्या पायऱ्या चढवत नाहीत, सिस्टर निवृत्त झाल्या. मी मात्र अजून जातो. एवढ्या लांब, एवढ्या उन्हाचं, या वयात, असं बायको दर शनिवारी म्हणते आणि तिचं बरोबर आहे. ब्लॉगवर कोणी ना कोणी आलेलं असतं, 'त्या यादीत आमचं नाव राहिलं' म्हणतं. दुसरी आवृत्ती निघायची नाही हे दाजींना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. दाजी म्हणतात, "इचारा की." मग मी एकेकाला गाव विचारतो, आणि नाव लिहून घेतो.